मदत हवी आहे: घरीच हॉट रॉड बनवतोय, फियाटचं छप्पर कापायचं का नाही यावर काम अडलंय

नमस्कार मंडळी, ऐरोलीहून लिहितेय. धागा लांबणार आहे पण अर्धवट माहिती दिली तर सल्ला पण अर्धवटच मिळेल म्हणून सगळं सांगते.

आमच्याकडे १९७२ ची फियाट ११०० डिलाईट आहे, पद्मिनी हे नाव यायच्या आधीची, कुर्ल्याच्या प्रीमियरमध्ये बनलेली. बाबांनी ती ८६ साली सेकंडहँड घेतली, माझं अख्खं लहानपण तिच्या मागच्या सीटवर गेलं, गणपतीला गावी जाताना खोपोलीला पाणी प्यायला थांबायची ती गाडी. २००४ पासून रोहाऊसच्या पुढच्या अंगणात ताडपत्रीखाली उभी होती. मार्च २०२१ मध्ये मी आणि बाबांनी ती उघडली. बाबा वागळे इस्टेटला टूलरूममध्ये टर्नर होते, आता ७४ वय आहे, हात अजून पक्का आहे. मला हॉट रॉड, म्हणजे जुनी गाडी कापून-बदलून केलेली गाडी, करायची होती. खाली बसलेली, बंपर काढलेले, छप्पर तीन इंच कापून खाली आणलेलं, मॅट काळा रंग. आणि ती घरीच, आमच्या हातानं करायची.

काम फक्त रविवारी, दहा ते एक, कारण ग्राइंडर लावला की शेजारच्या आजींना त्रास होतो आणि त्यांचं बरोबर आहे. म्हणजे पावसाळा, सणवार, आजारपणं वगळता वर्षाला जेमतेम पंचवीस-तीस रविवार मिळतात. इंजिन उतरवायलाच दोन महिने गेले. १०८९ सीसीचं इंजिन, बोअर (सिलेंडरचा व्यास) ६८ एमएम आणि स्ट्रोक (पिस्टनची धाव) ७५ एमएम, दोन नंबरच्या सिलेंडरला ओरखडे निघाले. बोअर रबाळ्याला मारून घेतला, म्हणजे सिलेंडर आतून घासून मोठे केले, मग ओव्हरसाईज पिस्टनसाठी कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर पाच महिने फेऱ्या, एकदा चारचा सेट मिळाला त्यात एक पिस्टन वेगळ्याच मापाचा निघाला, तो परत करा, पुन्हा शोधा. शेवटी २०२३ च्या दसऱ्याला इंजिन अंगणातच अँगलच्या स्टँडवर सुरू झालं. झेंडूचा हार घातलेलं इंजिन धडधडत होतं आणि बाबा नुसतं कान देऊन ऐकत उभे होते. त्या दिवसासाठी अडीच वर्षं गेली याचं मला जराही वाईट वाटत नाही.

अडलंय ते पुढे. बॉडीला हात घातला तर दोन्ही बाजूचे सिल, म्हणजे दाराखालचे बंद पत्र्याचे बॉक्स, आतून सडलेले. वरून रंग चकाचक, टोचा मारला तर आरपार. ड्रायव्हरच्या पायाखालचा फ्लोअर पण गेलाय. खाडीची हवा आणि सतरा वर्षं ताडपत्री, आत ओल धरून राहिली असणार.

ठाण्यातले दोन डेंटर येऊन बघून गेले. दोघंही म्हणाले मॅडम छप्पर पण कापून देतो, चार दिवसांचं काम. बाबा म्हणतात छपराला हात लावायचा नाही. या एका गोष्टीवर आमचं गेलं वर्षभर काहीच ठरत नाहीये आणि तोवर घासलेल्या पत्र्यावर पुन्हा गंज धरतोय. साधा प्रायमर मारून ठेवला होता, एका पावसाळ्यात त्याच्या खालून पिवळं फुटलं.

तर मला विचारायचंय की या गाडीचं छप्पर कापणं खरंच करण्यासारखं आहे का, आणि सिल घरी बदलायचे तर सुरुवात कुठून करू? माझ्याकडे सिंगल फेजचं मिग (तारेचं) वेल्डिंग आहे, वर्षभर भंगार पत्र्यावर हात बसवलाय.

प्रतिसाद १

ताई, आधी काकांना नमस्कार. छपराबद्दल काका बरोबर आहेत आणि कारण भावनेचं नाही, बांधणीचं आहे. हॉट रॉड जिथून आली त्या गाड्या आठवा. कॅलिफोर्नियातली पोरं ३० च्या दशकात आणि मग महायुद्धानंतर म्युरॉकसारख्या कोरड्या तळ्यांवर पळवायची त्या फोर्ड मॉडेल टी, मॉडेल ए, नाहीतर १९३२ ची व्ही एट इंजिनवाली. त्या सगळ्यांना खाली वेगळी चेसिस, म्हणजे लोखंडी सांगाडा, होती. बॉडी वर नुसती बोल्टनं बसवलेली, म्हणून छप्पर कापा, मडगार्ड फेका, बॉडी चेसिसवर खाली सरकवा, काहीही करा, गाडीचा कणा शाबूत राहायचा. तुमच्या फियाटला वेगळी चेसिसच नाही, पत्र्याचं खोकं हाच तिचा कणा. सिल, फ्लोअर, खांब आणि छप्पर मिळून वजन पेलतात. त्यात तुमचे सिल आधीच गेलेत. अशात छप्पर मोकळं केलं तर गाडी मधून वाकेल, मग दारं कधीच नीट लागणार नाहीत. चार दिवसांत करून देतो म्हणणाऱ्याला गाडी देऊ नका.

प्रतिसाद २

कागदाचं पण बघा. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे, कंपनीच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळी बांधणी केलेली गाडी चालत नाही, २०१९ च्या जानेवारीत सुप्रीम कोर्टानंही तेच सांगितलं. उलट तुमची गाडी पन्नाशी ओलांडलेली आहे. जुलै २०२१ च्या नियमांप्रमाणे ती व्हिंटेज म्हणून नोंदवता येते, नव्या नोंदणीची फी वीस हजार, दहा वर्षांसाठी, आधीच नोंदलेल्या गाडीचा जुना नंबर तसाच राहतो. रोज वापरता येत नाही, रॅली, प्रदर्शन, पेट्रोल भरणं आणि देखभालीपुरतीच बाहेर काढायची. पण त्याला गाडी मूळ रूपात लागते, चेसिस, बॉडी शेल, इंजिन यात मोठा बदल नको. छप्पर कापलं की हा रस्ता कायमचा बंद.

धागाकर्ती

दोघांचे मनापासून आभार. वेगळी चेसिस नसल्याचा मुद्दा मी इतक्या स्पष्टपणे कधी ऐकलाच नव्हता, मी फोटो बघून प्रेमात पडले होते. संध्याकाळी बाबांना वाचून दाखवलं. छप्पर राहणार, ठरलं. मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. पण खाली बसलेली गाडी हवीच आहे, त्यावर बाबांचाही आक्षेप नाही. ते कसं करावं? आणि सिलचं सांगा प्लीज.

प्रतिसाद ३

मी स्वतः एका पद्मिनीचे सिल बदललेत म्हणून अनुभवाने लिहितो. पेट्रोलची टाकी गाडीतून काढून लांब ठेवा, बॅटरी काढा, मगच वेल्डिंग. गाडी सस्पेन्शनच्या जागी घोड्यांवर (लोखंडी स्टँडवर) टेकवा, टोकांवर टांगू नका. दारं काढायच्या आधी सगळ्या फटी मोजून वहीत लिहा. मग दाराच्या चौकटीत एक इंची स्क्वेअर पाईपची आडवी आणि तिरपी कैची, म्हणजे चौकट हलू नये म्हणून आधार, वेल्ड करून मारा. आणि एका वेळी एकच बाजू. डावी पूर्ण बसली, फटी जुळल्या, की मग उजवी. पत्रा १८ गेजचा सीआर (कोल्ड रोल्ड) घ्या, टाके लांब लांब मारा, सलग ओढलं तर पत्रा तापून लाटा येतात. गॅस वेल्डिंग अजिबात नको. साधा प्रायमर पाणी ओढतो म्हणून खालून गंज आला. घासलं की त्याच दिवशी टू-के (दोन भाग मिसळून वापरायचा) इपॉक्सी प्रायमर, आणि मास्क चांगला वापरा.

गाडी खाली बसवायला पुढची कॉइल स्प्रिंग गॅसने तापवून बसवू नका, स्टीलचा टेंपर (स्प्रिंगपणा) जातो. मागचे पाटे (पट्ट्यांच्या स्प्रिंगा) कमानवाल्याकडून, म्हणजे स्प्रिंगांचं काम करणाऱ्याकडून, कमी बाकाचे करून घ्या. पण हे सगळं सिल झाल्यावर, आधी नको, कारण तेव्हाच गाडीची खरी उंची कळेल.

धागाकर्ती

काल रविवारी फटी मोजल्या. उजव्या पुढच्या दाराची कुलपाकडची फट वर ३ एमएम आणि खाली ८ एमएम आहे. म्हणजे गाडी आधीच मधून बसलीये का? मग आहे त्या मापावर कैची मारू का आधी जॅकने उचलून फट सरळ करू?

प्रतिसाद ३

कैची मारायची घाई नको, चूक कायमची पक्की होईल. आधी दार थोडं उघडा आणि कुलपाच्या बाजूने हाताने वर उचला. खडखडलं तर बिजागरीची पिन झिजलीये, दार लोंबतंय, गाडी बसलेली नाही. पिन बदलून पुन्हा मोजा. दार घट्ट असेल तर मात्र सिलच्या मध्याखाली लाकडाची फळी घालून जॅक अगदी हळू, फट सारखी होईपर्यंत, आणि तिथे कैची.

धागाकर्ती

उचललं. चांगलं बोटभर हललं! वरची पिन एका बाजूने पार खाल्लेली आहे. बाबा आत्ताच एका मित्राच्या लेथवर निघालेत, दोन्ही बाजूंच्या पिना स्वतः बनवणार म्हणतात. पुढच्या रविवारी नव्या पिना घालून पुन्हा मोजते आणि आकडे इथेच टाकते.