संदकफूची पाच दिवसांची शंभर मैल शर्यत : सराव कसा करावा?

पळता_पुणेकर: मंडळी, नाव नोंदवलं! पहिल्याच दिवशी मानेभंज्यांग गावाहून संदकफू (दार्जिलिंगजवळचं शिखर) : ३८ किमी, शेवट ३,६३६ मीटरवर. विरळ हवेचा सराव पुण्यात कसा करू?

घाटवाट: होत नाही, नाद सोडा. मी धावलोय, म्हणून सांगतो : दम लागतोच, पण मांड्या जातात त्या उतारावर. तिसऱ्या दिवशी मॅरेथॉनचं अंतर, अन् त्यातच खाली रिंबिक गावाकडे मोठा उतार. म्हणून सिंहगड लागोपाठ दोनतीनदा करा आणि खाली येताना खरंच पळा. पहिल्या दिवशी चढ सरळ चालायचा, लाजायचं नाही. मुक्कामाच्या दोन रात्री वरच असतात, झोप धड लागत नाही.

डोंगरवेडी: डायमॉक्स (उंचीचा त्रास टाळायची गोळी) घ्यावी का?

घाटवाट: डॉक्टरांना विचारूनच. पण डोकेदुखीसोबत उलट्या किंवा तोल जायला लागला तर गोळीच्या भरवशावर राहू नका, आयोजकांना सांगून खाली उतरा. दोन दिवस आधी दार्जिलिंगला राहिलात तर बरं.

पळता_पुणेकर: आणि कांचनगंगा दिसते का हो?

घाटवाट: आभाळ मोकळं असेल तर एव्हरेस्टसुद्धा. फोटोला थांबा, मी थांबलो होतो. हातमोजे जाड घ्या.