दक्षिण पोलंडच्या जुन्या खाणी: ३४ जण, चार दिवस, हे वेळापत्रक बसतंय का?

वाटाड्या३४:
नमस्कार मंडळी. सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात ३४ जणांचा गट घेऊन दक्षिण पोलंडला जायचं आहे. विषय एकच, जुन्या खाणी. सर्वांत लहान १२ वर्षांचा, सर्वांत मोठे ७४ चे, साठीपुढचे १३ जण. चारही रात्री मुक्काम क्राकूव्हला, सोबत चालकासह एक मोठी बस. कच्चा आराखडा असा:

दिवस १: सकाळी व्येलिच्का, दुपारी बोख्निया (दोन्ही मिठाच्या खाणी)
दिवस २: तार्नोव्स्क्ये गूरीची चांदीची खाण, मग झाब्झेतली ग्वीदो कोळसा खाण, संध्याकाळी निकिशोव्ह्येत्स (कातोवित्सेतली खाणकामगारांची जुनी वसाहत)
दिवस ३: झाब्झेची राणी लुईझा कोळसा खाण, दुपारी कातोवित्सेचं सायलेशियन म्युझियम
दिवस ४ (रविवार): मोकळा, परतीची तयारी

नकाशावर सगळी अंतरं छोटी दिसतात. काय चुकतंय?

शाफ्टवाला:
चुकतंय ते हेच, की अंतरावरून आखणी केली आहे. या भागात बस कुठेच फार वेळ खात नाही. वेळ खातो तो खाली जाण्या-येण्याचा क्रम. ग्वीदोचं उदाहरण घ्या. ३२० मीटरवरची फेरी साधारण दोन-अडीच तासांची. पण ३४ जण एका मार्गदर्शकाबरोबर जात नाहीत, दोन तुकड्या पडतात. समजा दुसरी तुकडी अर्ध्या तासाने निघाली, तर पहिली वर येऊन अर्धा तास थांबणार. त्यात तिकीट घेणं, सूचना, हेल्मेट वाटप, पिंजऱ्याच्या (खाणीतल्या लिफ्टच्या) फेऱ्या आणि वर आल्यावर स्वच्छतागृहाची रांग धरा. कागदावरचे अडीच तास साडेतीन-चार होतात. याच हिशेबाने तार्नोव्स्क्ये गूरीची दीड तासाची फेरी अडीच तास खाते. दोन्ही एका दिवसात आणि वर निकिशोव्ह्येत्स म्हटलं, तर निकिशोव्ह्येत्सला अंधारात पोचाल. तिथे बघायचं ते तांबड्या विटांच्या भिंती आणि लाल रंगवलेल्या खिडक्यांच्या कडा. अंधारात काय बघणार?

म्हणून दिवसाला जमिनीखालची एकच मोठी खाण. सोबत वरचं काहीतरी, ज्याला वेळेचं तिकीट नाही किंवा ज्याची वेळ पुढे-मागे करता येते.

दुसरी गोष्ट मुक्कामाची. क्राकूव्ह ते कातोवित्से सुमारे ८० किलोमीटर, बहुतेक रस्ता ए४ या टोलच्या महामार्गाने. गर्दी नसेल तर एक तास, असेल तर दीड. दोन दिवस जाऊन-येऊन केलंत तर चार ते सहा तास त्यातच गेले. शिवाय चालकाचे नियम आहेत. युरोपात सलग साडेचार तास गाडी चालवली की ४५ मिनिटांची विश्रांती सक्तीची, दिवसाचं चालवणं सर्वसाधारणपणे ९ तासांपर्यंत, आणि रात्री सलग ११ तासांची विश्रांती (आठवड्यात मोजक्या वेळा ती ९ पर्यंत आणता येते). तुम्हाला अडवणार ते ९ तास नव्हेत, ते ११. रात्री साडेनऊला हॉटेलवर सोडलंत तर नेहमीच्या हिशेबाने दुसऱ्या दिवशी साडेआठच्या आत गाडी हलत नाही. मग सकाळी ९ चं तिकीट कसलं गाठताय? दोन रात्री क्राकूव्ह, दोन कातोवित्से करा, अर्धी कटकट तिथेच संपते.

गुडघेदुखी_नको:
साठीपुढचे १३ जण आहेत म्हणून मी फक्त शरीराचं बोलते.

व्येलिच्कात सुरुवातच दानिवोविच शाफ्टमधल्या (खाणीत उतरणाऱ्या उभ्या विहिरीतल्या) ३८० लाकडी पायऱ्या उतरून होते. छोटे छोटे टप्पे आणि प्रत्येक टप्प्याला वळण, त्यामुळे दम लागत नाही पण चक्कर येऊ शकते आणि गुडघे बोलायला लागतात. पूर्ण मार्गावर मिळून सुमारे ८०० पायऱ्या, खोली ६४ पासून १३५ मीटरपर्यंत. वर यायला लिफ्ट आहे, हे ऐकून लोक निर्धास्त होतात. पण त्रास उतरताना होतो, चढताना नाही. ज्यांना जिना जमणार नाही त्यांनी तिकीट काढतानाच खाणीला कळवावं, कमी हालचाल करू शकणाऱ्यांसाठी लिफ्टने जायचा वेगळा छोटा मार्ग आहे. दारात उभं राहून 'आजींना लिफ्टने सोडा' म्हणून चालत नाही.

तापमान व्येलिच्कात १७-१८ अंश, तार्नोव्स्क्ये गूरीत बारा महिने १० अंश आणि वरून थेंब. एकच जॅकेट दोन्हीकडे चालणार नाही. चांदीच्या खाणीसाठी आत स्वेटर, वर पाणी न झिरपणारं काहीतरी. ती फेरी १७४० मीटरची, त्यातले २७० मीटर होडीतून. बोगदे ठिकठिकाणी ठेंगणे आहेत, उंच माणसाला वाकून चालावं लागतं आणि कंबर धरते. हेल्मेट डोक्याला आपटणाऱ्या दगडासाठीच असतं, तेव्हा त्याचा पट्टा हनुवटीखाली नीट आवळायचा. अंबाडा असेल तर हेल्मेट बसतच नाही, त्या दिवशी खाली वेणी. साडी आणि लांब ओढणी होडीत व पिंजऱ्याच्या जाळीत अडकते, पंजाबी ड्रेस असेल तर ओढणी बसमध्ये ठेवा. बूट पूर्ण बंद आणि तळाला खाचा असलेले.

मधुमेह, रक्तदाबाच्या गोळ्या आणि एखादी गोड वडी खिशात हवी, पिशवीत नको. व्येलिच्कात मोठी पिशवी आत नेऊ देत नाहीत, मर्यादा ३५ × २० × २० सेंटीमीटर.

बंद जागेची भीती आधी विचारून घ्या, आणि चारचौघांत विचारू नका. चारचौघांत सगळे शूर असतात.

वाटाड्या३४:
दोघांचेही आभार. मग बोख्निया गाळू का? आणि मार्गदर्शक इंग्रजीत बोलणार, आमच्यातल्या निम्म्यांना मराठीच नीट समजतं. मी मागोमाग मराठीत सांगत गेलो तर?

शाफ्टवाला:
मागोमाग सांगू नका. तुमच्या मागे पुढची तुकडी येत असते. मार्गदर्शक दोन मिनिटं बोलणार, तुम्ही दोन मिनिटं बोलणार, आणि तिसऱ्या दालनानंतर तो तुम्हाला हाकायला लागेल. सगळी पार्श्वभूमी बसमध्ये मराठीत सांगून टाका. खाली प्रत्येक थांब्यावर एकच वाक्य: 'हे ते, मघाशी सांगितलं ते चाक.' एवढं पुरतं. सायलेशियातल्या (म्हणजे कातोवित्से-झाब्झेच्या भागातल्या) खाणींत नेहमीच्या फेऱ्या पोलिशमध्ये असतात, इंग्रजी मार्गदर्शक गटासाठी आधी मागून घ्यावा लागतो. आरक्षणाच्या उत्तरात भाषेचा उल्लेख लेखी आला नसेल तर तो मिळालेला नाही असं धरून पुन्हा लिहा.

व्येलिच्काचं आणखी एक. बाहेर पडणं दानिवोविच शाफ्टने होईल की गावाच्या मध्यातल्या रेगिस शाफ्टने, हे त्या दिवशीच्या व्यवस्थेवर असतं. दोन्हींत चालण्याचं अंतर आहे. बस कुठे उभी आहे हे प्रत्येकाच्या फोनमध्ये टाकून ठेवा, नाहीतर दोन तुकड्या दोन दारांशी एकमेकांची वाट बघत बसतील.

बोख्निया वाईट नाही, तिथे उतरायलाही लिफ्ट आहे. पण व्येलिच्कानंतर त्याच दिवशी नको. एकच मिठाची खाण करायची आणि जिन्याची भीती असलेले बरेच असतील, तर व्येलिच्का गाळून बोख्निया करा असंही मी म्हणेन. लोक रागावतील, कारण फोटो व्येलिच्काचे पाहिलेले असतात.

पाणाड्या:
व्येलिच्का गाळायला माझा विरोध. मात्र ती पहिल्या दिवशी ठेवायलाही विरोध. १०१ मीटर खोलीवरचं संत किंगाचं प्रार्थनागृह, मिठाची झुंबरं, मिठाच्या भिंतीतली शिल्पं हे आधी दाखवलंत, तर नंतरचा ओला, ठेंगणा चांदीचा बोगदा लोकांना गरीब वाटतो. उलट क्रमाने गेलात तर दोन्हींना न्याय मिळतो.

आणि बसमध्ये सांगायचं ते राजांची नावं आणि सनावळ्या नको. या भागाला एकच धागा आहे, पाणी. तार्नोव्स्क्ये गूरीत शिसं-चांदीचं खनिज होतं, पण खणायला गेलं की पाणी भरायचं. १७८४ मध्ये तिथे प्रशियाची सरकारी फ्रीडरिश खाण सुरू झाली आणि १७८८ मध्ये पाणी उपसायला ब्रिटनहून वाफेचं इंजिन आणून बसवलं. युरोपच्या मुख्य भूमीवरच्या अगदी पहिल्या इंजिनांपैकी ते एक. १७९० मध्ये खुद्द जर्मन कवी गटे खाण बघायला आला होता. २०१७ मध्ये युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून निवडली ती नुसती खाण नव्हे, तिची जमिनीखालची पाण्याची व्यवस्थाही. होडीतून जाताना ज्या पाण्यावर बसलेले असता, ते पाणी हीच त्या जागेची गोष्ट आहे. हे आधी सांगितलं नाही तर होडी म्हणजे जत्रेतली फेरी होते.

तोच धागा झाब्झेला नेतो. राणी लुईझा खाण १७९१ ची. तिथून खॉझूव्हपर्यंत १४ किलोमीटरहून लांब एक बोगदा खणायला घेतला, १७९९ ते १८६३. काम दुहेरी: खाणींतलं पाणी उताराने बाहेर काढायचं आणि त्याच पाण्यावरून होड्यांनी कोळसा न्यायचा. पुढे कालव्याने तो ग्लिवित्सेच्या सरकारी लोखंड कारखान्यात जायचा, जिथे १७९६ मध्ये दगडी कोळशाच्या कोकवर (हवेविना भाजलेल्या कोळशावर) चालणारी भट्टी पेटली होती. आज त्या बोगद्यात सुमारे ११०० मीटर होडीने जाता येतं. त्यामुळे ग्वीदो की लुईझा, एकच करायची असेल तर मी लुईझा म्हणेन. शाफ्टवाला यांना हे पटणार नाही.

आणि शेवटी व्येलिच्का. मिठाच्या खाणीला पाणी म्हणजे मृत्यू. १९९२ मध्ये तिथे मीना नावाच्या बोगद्यात पाणी घुसलं तेव्हा अख्खी खाण आणि वरचं गाव धोक्यात आलं होतं. व्यापारी मीठ काढणं १९९६ मध्ये थांबलं, पण आत झिरपणारं पाणी गोळा करून वर आणणं आजही बंद करता येत नाही. दोन खाणींत पाण्यावरून होडीत बसून गेलेल्या माणसाला हे ऐकताना अंगावर काटा येतो.

शाफ्टवाला:
पाण्याचा धागा उत्तम. लुईझाबद्दल मात्र नाहीच पटलं. पिंजऱ्यातून ३२० मीटर खाली जाणं, खाली छताला टांगलेल्या गाडीत बसणं, चालू केलेल्या कोळसा कापणी यंत्राचा आवाज छातीत जाणवणं, हे सगळं एकत्र लुईझात मिळत नाही. १२ वर्षांच्या मुलाला काय लक्षात राहील ते बघा. शिवाय १३ ज्येष्ठांना पिंजरा सोपा, होडीत चढणं-उतरणं अवघड.

पाणाड्या:
होडीचं खरं आहे. पण खाली न जाणाऱ्यांचं काय? लुईझाच्या वरच्या आवारात १९१५ चं वाफेवर चालणारं पिंजरा ओढण्याचं यंत्र आहे, ते बघताना वेळ मजेत जातो. ग्वीदोच्या वर बसून राहणाऱ्याला फारसं काही नाही. तार्नोव्स्क्ये गूरीत खाणीशेजारीच जुन्या वाफेच्या यंत्रांचं उघडं संग्रहालय आहे. व्येलिच्कात मिठागराच्या अधिकाऱ्यांचा जुना किल्ला आणि खारट पाणी झिरपवणारा लाकडी मनोरा, दोन्ही जमिनीवर. वर थांबणाऱ्यांबरोबर गटातला एक जाणता माणूस ठेवा, नाहीतर ते अडीच तास फोनकडे बघत बसतात.

गुडघेदुखी_नको:
खाण्याचं कोणी बोललंच नाही. शाकाहारी किती आहेत? पियेरोगीत बटाटा-चीजचं सारण असतं, म्हणून बिनधास्त मागवतात आणि वरून परतलेल्या डुकराच्या चरबीचे तुकडे घातलेले येतात. 'स्क्वार्की नको' हे आरक्षणातच लिहा. झुरेक नावाच्या आंबट सारात सॉसेज असतं. सायलेशियाचे बटाट्याचे गोळे, क्लुस्की, मधे खळगा असलेले, मशरूमच्या रश्शाबरोबर चालतात, फक्त रस्सा मांसाच्या पाण्यात केलेला नाही ना ते विचारा.

तुमचा चौथा दिवस रविवार. पोलंडमध्ये बहुतेक रविवारी मोठी दुकानं कायद्यानेच बंद असतात. परतीचा खाऊ, औषधं, खरेदी शनिवारीच. चलन झ्लोटी, युरो नव्हे. स्वच्छतागृहांसाठी सुटी नाणी वाटून ठेवा.

वाटाड्या३४:
सुधारलेला आराखडा, बघा:

दिवस १: सकाळी कातोवित्से, सायलेशियन म्युझियम, दुपारी उजेडात निकिशोव्ह्येत्स. मुक्काम कातोवित्से
दिवस २: तार्नोव्स्क्ये गूरी, खाण आणि यंत्रं. मुक्काम कातोवित्से
दिवस ३: सकाळी झाब्झे, गट दोन भागांत, ज्येष्ठ ग्वीदोला, बाकीचे लुईझाला. संध्याकाळी क्राकूव्ह
दिवस ४: व्येलिच्का, जिना न जमणाऱ्यांची लिफ्टची सोय आधी मागून

पहिला दिवस गुरुवार येतो.

शाफ्टवाला:
गुरुवार ठीक, ते म्युझियम सोमवारी बंद असतं. तिसऱ्या दिवशी बस एकच आहे हे विसरू नका. आधी लुईझावाल्यांना सोडा, मग ग्वीदोवाल्यांना. दोन्ही झाब्झेतच आहेत. आणताना उलट, आधी ग्वीदोवाले, कारण होडीची फेरी लांबते. व्येलिच्काचं तिकीट आधी पक्कं करा, बाकीचं त्याभोवती बसवा. रविवारी तिथे गर्दी असते, सकाळची पहिली इंग्रजी वेळ मागा. दिवस डिसेंबरमध्ये ढकलायची वेळ आली तर ४ तारीख टाळा, खाणकामगारांचा बार्बुर्काचा सण असतो आणि वेळा बदलतात.

पाणाड्या:
आणि खाली भेटणारा प्रत्येक जण 'श्चेन्श्च बोझे' म्हणेल. देव यश देवो, असा तो खाणीतला नमस्कार आहे. बसमध्ये सगळ्यांकडून चार वेळा म्हणवून घ्या, उच्चार पाचव्यांदाही चुकेल.