आकाशवाणीनं नक्की करायचं काय, आणि पैसे कुणी द्यायचे?

मीटरबँड:
दर चार-सहा महिन्यांनी कुणीतरी म्हणतंच, बंद करा ती आकाशवाणी, ऐकतंय कोण आता. अहो, किती जण ऐकतात हा खाजगी एफएमचा हिशोब झाला, तिथे जाहिरातवाला तेच विचारणार. आकाशवाणीचं काम, ती ज्या महामंडळाखाली चालते त्या प्रसार भारतीच्या कायद्यात, कलम १२ मध्ये लिहून ठेवलंय (कायदा १९९० चा, लागू व्हायला १९९७ उजाडलं, ते सोडा). माहिती, शिक्षण, करमणूक हे तर आहेच, पण पुढे शेती, आरोग्य, आदिवासी, वेगवेगळ्या भाषा, आणि नागरिकाला खरी, निःपक्ष माहिती, विरोधी मतांसकट. यातलं जाहिरातीवर काय चालेल सांगा. एखाद्या छोट्या बोलीतल्या कार्यक्रमाला कोण प्रायोजक मिळणार? जे दुसरं कुणी करणार नाही ते करायचं, म्हणून पैसे करातूनच.

तिरकसराव:
"विरोधी मतांसकट" वाचून हसू आलं. त्याच कायद्याचं कलम २३ पण वाचा की राव, देशहिताचं कारण देऊन केंद्र सरकार सांगू शकतं की हे लावा, ते लावू नका. वर पैसा केंद्राच्या माहिती-प्रसारण मंत्रालयाकडून, मग अधिकारी कुणाचं तोंड बघणार? जून १९७५ ला आणीबाणीची घोषणा याच रेडिओवरून झाली आणि उठेपर्यंत तिथे एकच बाजू वाजत होती. नंतर सरकारनंच नेमलेल्या वर्गीज समितीनं १९७८ मध्ये सांगितलं की सरकारपासून वेगळा, स्वायत्त ट्रस्ट करा. अहवाल धूळ खात पडला. सरकार कुठलंही येवो, भोंगा सोडवत नाही कुणालाच. माझ्या करातून नको.

बांधावरचा:
तिरकसराव, बातम्या म्हणजे सगळा रेडिओ नाही हो. १९५६ साली युनेस्कोला बरोबर घेऊन पुणे केंद्रानं पुणे, नगर, नाशिक, कोल्हापूर वगैरे जिल्ह्यांतल्या दीडशे गावांत प्रयोग केला, आठवड्यात दोनदा अर्ध्या तासाचा कार्यक्रम, गावातली माणसं एकत्र बसून ऐकायची, मग त्यावर चर्चा करायची आणि त्यांचे प्रश्न पुण्याला जायचे, पुढच्या कार्यक्रमात उत्तरं यायची. म्हणजे ऐकणाराच ठरवणार पुढे काय बोलायचं. हे मला खरं काम वाटतं. आज तसं काय उरलंय ते मात्र विचारू नका.

तिरकसराव:
१९५६ चा दाखला आज? तेव्हा गावात दुसरं होतं काय. आता बाजारभाव फोनवर येतो.

खरखर:
फोनवर येतो टॉवर चालू असेल तोवर. वादळात आधी लाइट जाते, मग टॉवरची बॅटरी, मग सगळं गप्प. मीडियम वेव्हचं एक मोठं ट्रान्समीटर शेकडो किलोमीटर जातं, एफएमचं साठ-सत्तरच्या पुढे अवघड, डोंगर आडवा आला की संपलंच. आणि आपण काय करतोय? आकाशवाणीचं रात्रभर चालणारं नॅशनल चॅनल २०१९ च्या सुरुवातीला गुंडाळलं. खर्च परवडत नाही म्हणे. अग्निशमन दलाला कुणी विचारतं का, या महिन्यात किती आगी लागल्या?

सातपाच:
मला दिल्लीपेक्षा इथलं बोला. जून २०२३ मध्ये पुण्याचा प्रादेशिक वृत्तविभाग बंद करून बातमीपत्रं संभाजीनगरहून द्यायचं ठरलं होतं, आठवतंय? सकाळी ७ वाजून ५ मिनिटांच्या बातम्या ज्यांच्या अंगवळणी पडल्यात त्यांनी आरडाओरडा केला, पेपरात आलं, मग निर्णय थांबला. "कुणी ऐकत नाही"वाल्यांनी सांगावं, मग ओरडलं कोण?

फाटाफूट:
थोडं वेगळं. खाजगी एफएमला स्वतःच्या बातम्या द्यायला परवानगीच नाही, द्यायच्या तर आकाशवाणीच्याच, जशाच्या तशा. १९९५ ला सुप्रीम कोर्टानं सांगितलं की रेडिओलहरी जनतेच्या मालकीच्या, सरकारची मक्तेदारी नको. तरीही रेडिओवर बातम्या एकाच घरच्या! सार्वजनिक प्रसारक एवढा चांगला असेल तर स्पर्धेला घाबरायचं कशाला?

मीटरबँड:
@फाटाफूट, उद्या उघडा, माझी ना नाही. सगळे गुन्हे आणि क्रिकेट सांगायला लागले की नीट बातमीपत्राची किंमत उलट वाढेल.
@तिरकसराव, भोंगा नको हे मान्य, पण म्हणून बंद? पैशाची वाट बदला. ब्रिटनमध्ये घरटी लायसन फी आहे, बीबीसीला दर वर्षी सरकारपुढे हात पसरायला लागत नाही (तिथेही कुरबुरी आहेतच). अमेरिकेत तिजोरीतून पैसा जायचा, तर जुलै २०२५ मध्ये तिथल्या संसदेनं सार्वजनिक रेडिओ-टीव्हीचे आधी मंजूर केलेले सुमारे ११० कोटी डॉलर काढून घेतले. आपल्याकडेही एके काळी पोस्टात जाऊन रेडिओचं लायसन काढायला लागायचं, ते बंद केलं आणि ऐकणाऱ्याचा हक्कही गेला. संसदेनं पाच-पाच वर्षांची रक्कम एकदम ठरवून द्यावी, मधे हात घालायचा नाही.

तिरकसराव:
आधी कलम २३ काढा, मग फी मागा. रांगेत पहिला मी उभा राहीन.

खरखर:
म्हणजे तोवर ट्रान्समीटर गंजू द्यायचे?