मोठे विमानतळ खासगी हाती गेल्यावर लहान विमानतळांचा खर्च कोण उचलणार?

घोडबंदरकर

नवी मुंबईच्या विमानतळावरून २५ डिसेंबर २०२५ रोजी प्रवासी उड्डाणे सुरू झाली आणि तेव्हापासून आमच्या ठाण्यात चर्चा एवढीच, की तिथे ऐरोलीमार्गे जावे की शिळफाट्यावरून. माझा प्रश्न थोडा वेगळा आहे आणि जाणकारांनी त्यावर सविस्तर लिहावे, अशी विनंती आहे.

आजवरच्या वाचनातून माझी समजूत अशी झाली आहे, की भारतीय विमानतळ प्राधिकरण देशभरातील विमानतळांचे एक जाळे चालवत असे आणि त्यातील मुंबई, दिल्ली यांसारख्या मोजक्या विमानतळांच्या उत्पन्नावर बाकीचे तोट्यातील विमानतळ तग धरून असत. २००६ मध्ये ही दोन्ही विमानतळे खासगी कंपन्यांकडे गेली, परंतु निदान प्रत्येकी २६ टक्के भागभांडवल प्राधिकरणाकडे राहिले. २०१९ च्या निविदांनंतर अहमदाबाद, लखनऊ, जयपूर, मंगळूर, गुवाहाटी आणि तिरुवनंतपुरम हे सहा विमानतळ पन्नास वर्षांसाठी दिले गेले. आता नवी मुंबईत तर ७४ टक्के अदानी समूहाकडे आणि २६ टक्के सिडकोकडे आहेत. म्हणजे प्राधिकरणाचे नाव भागधारकांच्या यादीत नाहीच. माझे मूळ गाव नांदेडजवळ आहे. कमावणारे विमानतळ असे एकेक करून बाहेर पडत गेले, तर नांदेड, जळगाव, सोलापूर यांसारख्या ठिकाणच्या धावपट्ट्यांची निगा, अग्निशमन दल, सुरक्षा यांचा खर्च पुढे कोणाच्या खिशातून होणार आहे?

निवृत्त नियंत्रक, पनवेल

प्रश्न योग्य आहे, मात्र त्यातील नांदेडचे उदाहरण वगळावे लागेल, कारण नांदेडचा विमानतळ प्राधिकरणाचा नाही. तो महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाचा आहे आणि २००९ मध्ये महामंडळाने नांदेड, लातूर, बारामती, यवतमाळ व उस्मानाबाद हे पाच विमानतळ एका खासगी कंपनीला दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने दिले होते. आपल्या राज्यात विमानतळांची मालकी इतकी विखुरलेली आहे, की ‘जाळे’ हा शब्द मी जपूनच वापरतो. पुण्याचे लोहगाव हवाई दलाचे आहे आणि प्राधिकरण तिथे फक्त नागरी टर्मिनल सांभाळते. नाशिकचे ओझर हिंदुस्थान एरोनॉटिक्सचे आहे. शिर्डी राज्य सरकारच्या महाराष्ट्र विमानतळ विकास कंपनीने उभारली, नागपूरमध्ये तीच राज्य कंपनी ५१ टक्के आणि प्राधिकरण ४९ टक्के अशी भागीदारी आहे, तर सिंधुदुर्गातील चिपी एका रस्तेबांधणी कंपनीने सवलत करारावर बांधली. कोल्हापूर, जळगाव, सोलापूर, गोंदिया आणि छत्रपती संभाजीनगर हे मात्र खरोखर प्राधिकरणाचे आहेत.

आता मूळ मुद्दा. आंतरराष्ट्रीय विमानतळांसाठी १९७२ मध्ये आणि देशांतर्गत विमानतळांसाठी १९८६ मध्ये स्थापन झालेल्या दोन संस्था १ एप्रिल १९९५ रोजी एकत्र करून आजचे प्राधिकरण तयार झाले. तेव्हापासून त्याची कामे दोन आहेत: जमिनीवरचा विमानतळ चालवणे आणि आकाशातील वाहतुकीचे नियंत्रण करणे. विमानतळ भाड्याने देता येतो, आकाश दिलेले नाही. मुंबई, बंगळूर, हैदराबाद, नवी मुंबई, यांपैकी कुठेही जा, नियंत्रण मनोऱ्यात बसलेला माणूस प्राधिकरणाचाच असतो. आपल्या मुंबई विभागाच्या अखत्यारीत तर अरबी समुद्रावरचा फार मोठा पट्टा येतो आणि भारतात न उतरता नुसत्या वरून जाणाऱ्या विमानांकडूनही मार्गदर्शन सुविधांचे शुल्क मिळते. हे उत्पन्न विमानतळाच्या मालकीवर अवलंबून नसल्यामुळे तुम्ही समजता तितकी प्राधिकरणाची तिजोरी रिकामी झालेली नाही.

खर्चाचे म्हणाल, तर लहान विमानतळाचे दुखणे असे, की त्याचा खर्च उड्डाणांच्या प्रमाणात कमी होत नाही. दिवसाला एक विमान उतरो वा दहा, धावपट्टीची पाहणी, अग्निशमन बंब, हवामान निरीक्षण, नियंत्रक, सुरक्षा तपासणी हे सर्व हजर असलेच पाहिजे. अग्निशमनाची श्रेणी विमानाच्या लांबीरुंदीवरून ठरते. एटीआरसारख्या छोट्या विमानाच्या जागी एअरबस यायची म्हटली, की श्रेणी वाढते, त्यासाठी पाणी, फेस, मनुष्यबळ वाढते आणि हे सारे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाला दाखवल्याशिवाय परवान्यात बदल होत नाही. फीत कापायला येणाऱ्यांना टर्मिनलची काच दिसते, मागच्या बाजूचा हा खर्च दिसत नाही.

आकडेमोड, नौपाडा

नियंत्रक साहेबांच्या माहितीत थोडी हिशेबाची भर घालतो. भागभांडवलाचे टक्के आणि महसुली वाटा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि जाळ्याच्या दृष्टीने दुसरीच महत्त्वाची आहे. मुंबईच्या २००६ च्या करारानुसार एकूण महसुलाचे ३८.७ टक्के प्राधिकरणाला द्यायचे असतात, दिल्लीत ४५.९९ टक्के. हे टक्के नफ्याचे नसून उलाढालीचे आहेत, म्हणजे टर्मिनलमधल्या दुकानात विकल्या गेलेल्या परफ्यूमवर विमानतळाला जे मिळते, त्यातूनही प्राधिकरणाचा भाग निघतो. शिवाय हा वाटा खर्च म्हणून दाखवून प्रवाशांवरील शुल्कात वसूल करता येत नाही. २०१९ च्या सहा विमानतळांसाठी पद्धत बदलली. तिथे प्रत्येक प्रवाशामागे ठरावीक रक्कम द्यायची होती: अहमदाबादसाठी १७७ रुपये, मंगळूरसाठी ११५ रुपये वगैरे, आणि ती पुढे महागाईनुसार वाढते. यात प्राधिकरणाला हिशेब तपासत बसावे लागत नाही, हा फायदा आहे. पण दुकाने, हॉटेले, वाहनतळ यांतून होणारी वाढ भाडेकरूची, ही त्याची दुसरी बाजू आहे.

नवी मुंबईत महसुली वाट्याची बोली १२.६ टक्के होती आणि तो वाटा सिडकोला मिळतो. याचा सरळ अर्थ असा, की सांताक्रूझहून निघणारा प्रवासी उद्या खाडी ओलांडून उलव्याहून, म्हणजे नवी मुंबईच्या विमानतळावरून, निघू लागला, तर त्याच्यामागे येणाऱ्या उत्पन्नातला प्राधिकरणाचा ३८.७ टक्क्यांचा वाटा थांबतो आणि त्याऐवजी १२.६ टक्के सिडकोकडे जमा होतात. मुंबईची वाहतूक जागेअभावी कोंडलेली असल्यामुळे आज उलव्याला मिळणारे बरेच प्रवासी नवे असतील, हे मान्य आहे. परंतु मुंबईचे पहिले टर्मिनल पाडून नव्याने बांधायची योजना आहे आणि ते काम चालू झाले, की तिथली वाहतूक हलवावीच लागेल. तेव्हा घोडबंदरकरांनी भागभांडवलावर बोट ठेवले असले, तरी खरी गळती महसुली वाट्याच्या या फरकात आहे.

हा वाटा संकटात किती भरवशाचा असतो, तेही पाहिलेले आहे. २०२०-२१ मध्ये महामारीमुळे प्राधिकरण तोट्यात गेले. त्याच काळात दिल्लीच्या विमानतळ कंपनीने महसुली वाटा देणे अशक्य असल्याची भूमिका घेतली आणि प्रकरण लवादाकडे गेले. लहान विमानतळांचे पगार त्या काळातही चालूच होते.

पंचगंगाकाठचा, सध्या ऐरोली

वरील हिशेब पटला, तरी माझ्या मते विमानतळ पैशांअभावी ओस पडत नाहीत, विमानांअभावी पडतात. कोल्हापूरला मार्च २०२४ मध्ये नवीन टर्मिनल मिळाले. इमारत देखणी आहे. परंतु आम्हा कोल्हापूरकरांचा प्रश्न वर्षानुवर्षे एकच राहिला आहे: मुंबईला जायला सोयीच्या वेळी विमान आहे का?

लहान शहरांना विमानसेवेने जोडणारी उडान योजना ऑक्टोबर २०१६ मध्ये जाहीर झाली आणि २७ एप्रिल २०१७ रोजी शिमला-दिल्ली मार्गाबरोबर नांदेड-हैदराबाद मार्गही सुरू झाला, हे घोडबंदरकरांना आठवत असेल. साधारण तासाभराच्या उड्डाणाला काही जागांसाठी २५०० रुपयांची भाडेमर्यादा होती आणि कंपनीला पडणारी तूट तीन वर्षे भरून द्यायची होती. त्यासाठीचा निधी मुख्य मार्गांवरील उड्डाणांवर आकारणी करून उभा केला गेला. म्हणजे मोठ्या शहरांच्या प्रवाशांनी लहान शहरांचा भार वाहावा, हेच तत्त्व. फक्त पैसा आता प्राधिकरणाच्या ताळेबंदाऐवजी तिकिटातून येतो. तुटीचा २० टक्के भाग राज्याने द्यायचा, जमीन फुकट द्यायची, सुरक्षा आणि अग्निशमन विनामूल्य पुरवायचे आणि विमान इंधनावरील मूल्यवर्धित कर एक टक्क्यावर आणायचा, अशा अटी होत्या. तेव्हा ‘खर्च कोण उचलणार’ याचे एक उत्तर ‘राज्य सरकार’ असे २०१६ पासूनच लिहिलेले आहे.

फळ काय मिळाले, ते महालेखापरीक्षकांच्या २०२३ च्या अहवालात आहे. योजनेच्या तिसऱ्या फेरीपर्यंत दिलेल्या ७७४ मार्गांपैकी ४०३ सुरूच झाले नाहीत, सुरू झालेल्या ३७१ पैकी ११२ मार्गांनीच तीन वर्षे पूर्ण केली आणि मार्च २०२३ पर्यंत त्यानंतरही चालू राहिलेले मार्ग होते ५४. आमच्याकडे याचे मोठे कारण मुंबईतच होते. तिथल्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदत असल्यामुळे एका वेळी एकच वापरता येते, तासाला पंचेचाळीसच्या आसपास उड्डाणे होतात आणि त्या वेळा आधीच वाटल्या गेलेल्या आहेत. सत्तर आसनी विमानासाठी सकाळची वेळ सोडायला कोण तयार होईल? मिळाली तर भरदुपारची वेळ मिळते आणि दुपारी मुंबईत उतरून मंत्रालयातले काम उरकून त्याच दिवशी परतता येत नसेल, तर माणूस रात्रीच्या ट्रॅव्हल्सनेच जातो. म्हणून मला उलव्याच्या ३७०० मीटरच्या धावपट्टीकडून अपेक्षा आहे, सिडकोला टक्के किती मिळाले याचे फारसे सोयरसुतक नाही. सकाळी सात ते दहा आणि संध्याकाळी सहा ते नऊ या काळातील काही वेळा राज्यांतर्गत उड्डाणांसाठी आताच, विमानतळ अजून मोकळा असताना, राखून ठेवल्या नाहीत, तर पाच वर्षांनी तिथेही दुबई आणि दिल्लीच पुढे असतील.

उलवेकर

चर्चा चांगली चालली आहे, पण सिडकोचा १२.६ टक्के वाटा जळगाव-सोलापूरकडे वळवावा, असा सूर कोणी लावणार असेल तर एक आठवण करून देतो. विमानतळाची ११६० हेक्टर जागा रिकामी पडलेली नव्हती. उलव्याची टेकडी कापली, नदीचा प्रवाह वळवला, गावेच्या गावे हलवली आणि मगच ती जागा सपाट झाली. प्रकल्पग्रस्तांना २२.५ टक्के विकसित जमीन देण्याचे ठरले, तेही सहजासहजी नाही. दि. बा. पाटील साहेबांचे नाव विमानतळाला असावे, हा आग्रह त्याच लढ्यातून आला. त्या वाट्यावर पहिला हक्क इथल्या गावठाणांतल्या गटारांचा, शाळांचा आणि नोकऱ्यांसाठीच्या प्रशिक्षणाचा आहे. राज्याला लहान विमानतळ हवे असतील, तर त्याने अर्थसंकल्पात तरतूद करावी.

घोडबंदरकर

सर्वांचे आभार. उलवेकरांचे म्हणणे न्याय्य वाटते. ऐरोलीकरांचा राखीव वेळांचा मुद्दा माझ्या लक्षातच आला नव्हता. नियंत्रक साहेबांना एकच उपप्रश्न विचारतो: मोठा विमानतळ भाड्याने देतानाच त्याच्या गळ्यात एक-दोन लहान विमानतळ बांधायचे, म्हणजे नफा आणि तोटा एकाच भाडेकरूकडे राहील, असे का करत नाहीत?

निवृत्त नियंत्रक, पनवेल

तसे ठरवलेले आहे. वाराणसीबरोबर गया आणि कुशीनगर, अमृतसरबरोबर कांगडा, अशा जोड्या लावून देण्याचा प्रस्ताव आहे आणि विमानतळांच्या गटासाठी एकत्रित दर ठरवता यावेत म्हणून विमानतळांचे दर ठरवणाऱ्या आर्थिक नियामक प्राधिकरणाच्या कायद्यात २०२१ मध्ये दुरुस्तीही झाली. कागदावर ही पद्धत मला २०१९ च्या पद्धतीपेक्षा बरी वाटते, कारण त्या वेळी सहाही विमानतळ सुटे दिले गेले आणि लहान भावंडे प्राधिकरणाकडे राहिली.

परंतु करारात काय लिहिले जाते, यावर सगळे अवलंबून आहे. लहान विमानतळावर किमान किती तास सेवा चालू ठेवायची, अग्निशमनाची कोणती श्रेणी राखायची, रात्री उतरण्याची सोय बंद पडली तर दंड किती, हे आकड्यांत लिहिले नाही, तर भाडेकरू मोठ्या विमानतळावर दुकाने वाढवील आणि लहान विमानतळ परवान्यापुरता जिवंत ठेवील. दुसरे असे, की गटाचे दर एकत्र ठरले म्हणजे वाराणसीचा प्रवासी कुशीनगरचा खर्च वापरकर्ता विकास शुल्काच्या रूपाने भरणार. ते मला गैर वाटत नाही, पूर्वीही तो भरतच होता, फक्त तिकिटावर दिसत नव्हते.

ऐरोलीकरांच्या राखीव वेळांबद्दल मात्र एक तांत्रिक अडचण सांगतो. सांताक्रूझ आणि उलवे यांच्या मार्गिका आकाशात इतक्या जवळ आहेत, की दोन्हीकडची उड्डाणे एकमेकांशी जुळवूनच सोडावी लागतात. दुसरी धावपट्टी आली, म्हणून एकूण क्षमता दुप्पट झाली असे होत नाही. शिवाय मोठ्या जेटच्या मागे एटीआर उतरवताना अंतर जास्त ठेवावे लागते आणि तेवढ्या वेळात आणखी एक जेट उतरू शकते, असा विमानतळ कंपनीचा युक्तिवाद असेल. त्यामुळे मागणी करायचीच असेल, तर ती विमानतळ कंपनीकडे न करता राज्य सरकारमार्फत नागरी विमान वाहतूक मंत्रालयाकडे करावी आणि ती उन्हाळी व हिवाळी वेळापत्रकाच्या वाटपाआधी पोहोचली पाहिजे. हिवाळी वेळापत्रक ऑक्टोबरच्या अखेरीस लागू होते, म्हणजे पत्र पावसाळ्यातच जायला हवे.