युरोपातील अतिवेगवान गाड्या : कुठे बसावे, कुठे उभे राहावे?

घाटमाथा :
येत्या मे महिन्यात मी, पत्नी आणि नववीत जाणारा मुलगा असे तिघे अकरा दिवसांसाठी पॅरिस, फ्रँकफुर्ट आणि मिलानला जाणार आहोत. मुलाला गाड्यांचे वेड आहे (ते कोणाकडून आले, हे कृपया विचारू नये). रेल्वे पास घ्यावा की सुटी तिकिटे काढावीत? आत बसून वेग अनुभवायचा, तर कोणते आसन निवडावे? आणि मुख्य म्हणजे, ताशी ३०० किलोमीटरने जाणारी गाडी फलाटावर उभे राहून पाहता येईल, असे स्थानक कोणते? सहलीची आखणी करून देणाऱ्या गृहस्थांना हा शेवटचा प्रश्न कळलाच नाही. त्यांनी आयफेल मनोऱ्याची वेळ सांगितली.

बँकर इंजिन :
मी फ्रँकफुर्टजवळ बरीच वर्षे राहत आहे आणि आपला शेवटचा प्रश्न मला पुरेपूर कळला, म्हणून तिथूनच सुरुवात करतो. आत बसलेल्या माणसाला ३०० चा वेग फारसा जाणवत नाही. डब्यातल्या पडद्यावर आकडा दिसतो, लांबची शेते सावकाश सरकतात आणि चहाही हिंदकळत नाही. वेग कळतो तो फलाटावर. त्यासाठी कोलोन-फ्रँकफुर्ट या २००२ साली सुरू झालेल्या मार्गावरील मोंटाबाउर किंवा लिम्बुर्ग सुएड येथे उतरावे. थांबणाऱ्या गाड्या कडेच्या रुळांवर येतात आणि न थांबणाऱ्या मधल्या रुळांवरून निघून जातात. आयसीई-३ या जर्मन अतिवेगवान गाडीचा एक संच २०० मीटर लांब असतो, म्हणजे ३०० च्या वेगाने तो आपल्यासमोरून जायला अडीच सेकंदही लागत नाहीत. पहिली गाडी कॅमेऱ्याशिवाय पाहावी, नाहीतर ती दिसणारच नाही.

या मार्गाचे आपल्याकडच्या वाचकांना विशेष वाटावे असे आणखी एक कारण आहे. बोरघाटात ३७ ला १ (म्हणजे ३७ मीटर पुढे जाताना १ मीटर वर) असा चढ आहे आणि तो चढताना गाडीला मागून बँकर, म्हणजे ढकलणारी जादा इंजिने, लावावे लागतात, हे आपण लहानपणापासून पाहिलेले आहे. इथे काही ठिकाणी चढ २५ ला १ इतका तीव्र आहे आणि तरीही गाडी बँकरशिवाय, वेगातच चढते. आयसीई-३ ला वेगळे इंजिन नसून निम्म्या डब्यांखाली मोटारी विभागलेल्या असतात, त्यामुळे हे शक्य होते. इंजिन पुढे लावलेल्या जुन्या आयसीई गाड्यांना म्हणूनच हा मार्ग वर्ज्य आहे.

आसनाविषयी : आयसीई-३ च्या जुन्या संचांत दोन्ही टोकांना चालकाच्या पाठीमागे काचेची भिंत असते आणि तिथून समोरचे रूळ दिसतात. चालकाने काच धूसर केली, तर मात्र नशीब म्हणून गप्प बसावे. नव्या संचांत ही सोय नाही.

सह्यकडा :
अडीच सेकंदांसाठी अर्धा दिवस खर्च करावा, हे मला पटत नाही. कोलोनला जाऊन होहेनत्सोलर्न पुलावर, रुळांलगतच्या पादचारी मार्गावर तासभर उभे राहा. स्थानक समोरच असल्यामुळे प्रत्येक गाडी सावकाश येते, शेजारून जाते आणि तिचा डबा न् डबा नीट न्याहाळता येतो. येताना वेगवान मार्गाने यावे आणि परतताना ऱ्हाइन नदीच्या काठाने जाणारी जुनी, हळू गाडी धरावी. नव्या मार्गावर बोगदे पुष्कळ आणि निसर्ग थोडा.

पासच्या फंदात पडू नये. फ्रान्स आणि इटलीतील वेगवान गाड्यांना पास असूनही आरक्षणाचे वेगळे पैसे भरावे लागतात. आपले प्रवास मोजकेच आहेत. तिकिटे लवकर काढल्यास स्वस्त पडतील.

घाटमाथा :
दोघांचेही मनःपूर्वक आभार. पॅरिस ते फ्रँकफुर्ट या टप्प्यात फ्रान्सची अतिवेगवान टीजीव्ही घ्यावी की जर्मनीची आयसीई? आणि मिलानजवळ मोंटाबाउरसारखे काही आहे का?

बँकर इंजिन :
पुलाचा मुद्दा मान्य. मात्र मुलाला दोन्ही दाखवावे. पॅरिसहून दुमजली टीजीव्ही घ्यावी आणि वरच्या मजल्यावरील आसन निवडावे. पूर्व फ्रान्समधील याच मार्गावर ३ एप्रिल २००७ रोजी खास तयार केलेल्या टीजीव्हीने ताशी ५७४.८ किलोमीटरचा विक्रम केला होता; नेहमीच्या गाड्या ३२० पर्यंत धावतात. खिडकी निवडताना नकाशा दोनदा पाहावा. मी एकदा खिडकीचे आसन म्हणून जादा पैसे भरले आणि दोन खिडक्यांमधल्या भिंतीकडे पाहत चार तास काढले.

मिलानहून बोलोन्याच्या दिशेने रेज्जो एमिलियाचे वेगवान गाड्यांसाठीचे वेगळे स्थानक लागते. लाटेसारख्या पांढऱ्या छताची ती इमारत स्पॅनिश वास्तुविशारद कालात्राव्हा यांची असून २०१३ साली उघडली. तिथेही न थांबणाऱ्या गाड्या मधल्या रुळांवरून जातात. मात्र थांबणाऱ्या गाड्या मोजक्याच असल्यामुळे परतीचे तिकीट आधीच काढून ठेवावे, आणि सोबत खायला काहीतरी घ्यावे, कारण स्थानक गावाबाहेर आहे.