शब्दचर्चा: ‘होमवर्ल्ड’ला मराठीत काय म्हणावं? आणि आख्खा ग्रह राजधानी असतो का?

वेलांटी: विज्ञानकथेच्या भाषांतरासाठी शब्द हवे आहेत. माणसं शेकडो ग्रहांवर पसरली आहेत, पृथ्वी हे त्यांचं ‘होमवर्ल्ड’ आहे आणि साम्राज्याची राजधानीही तीच आहे. गृहग्रह, जन्मग्रह, मातृग्रह, मूळग्रह यांपैकी कोणता शब्द बरा? शिवाय राजधानी म्हटलं की शहर डोळ्यांपुढे येतं. ग्रहाला राजधानी म्हटलेलं चालतं का?

काना-मात्रा: गृहग्रह आधी बाद करा. निम्म्या वाचकांना ती मुद्रणाची चूक वाटेल आणि उरलेल्यांना गृहखातं आठवेल. त्यातून ‘स्वगृही ग्रह’ हा ज्योतिषातला जुना प्रयोग आहे, त्याचा अर्थ स्वतःच्या राशीत बसलेला ग्रह. जन्मग्रहाची अडचण तीच, पत्रिका उघडल्यासारखं वाटतं. मातृग्रह वाचल्यावर उपग्रह ज्याच्याभोवती फिरतो तो ग्रह, असा समज होऊ शकतो. आणि कोणी हौसेने ‘पूर्वग्रह’ लिहील तर विचारायलाच नको.

उरतात मूळग्रह आणि मायग्रह. मायग्रह हा मायदेश, मायभूमी, मायबोली यांच्या पंगतीतला, ऐकायला गोड. पण मायदेश म्हणतो तो त्या देशातून बाहेर पडलेला माणूस. ज्याच्या तीन पिढ्या मंगळावर जन्मल्या त्याचा मायग्रह मंगळच, पृथ्वी नव्हे. त्याच्यासाठी आपल्याकडे तयार साचा आहे तो ‘मूळ गाव’चा. मुंबईत जन्मलेला, मुंबईतच वाढलेला माणूसही ‘मूळ गाव सातारा’ असं सहज सांगतो, मग तो तिथे वर्षातून एकदा जात असो वा नसो. होमवर्ल्डचा नेमका अर्थ हाच आहे. म्हणून निवेदनात मूळग्रह, आणि पहिल्या पिढीतल्या स्थलांतरिताच्या तोंडी मायग्रह. मूळग्रह जोडूनच लिहा. तोडून ‘मूळ ग्रह’ लिहिलं की ‘आधीचा, बदलण्यापूर्वीचा ग्रह’ असंही वाचता येतं.

धूमकेतू: ‘वर्ल्ड’साठी सगळीकडे ग्रह चालणार नाही हेही लक्षात असू द्या. एखाद्या जमातीचं होमवर्ल्ड टायटनसारखा उपग्रह असला तर मूळग्रह हा शब्द खोटा पडतो. ‘लोक’ घ्यावं तर मूळलोकचं ‘मूळ लोक’ होतं, म्हणजे आदिम रहिवासी. अशा जागी सरळ ‘मूळस्थान’ लिहावं.

मोडीवाचक: आता राजधानी. राजन् अधिक धानी. धानी म्हणजे ठेवण्याची, असण्याची जागा. राजा असण्याची जागा ती राजधानी, व्युत्पत्तीत शहराची अट कुठेच नाही. त्यामुळे ग्रहाला राजधानी म्हणायला व्याकरणाची हरकत नाही. राजा नसलेल्या संघालाही हा शब्द चालतो. राज्यपाल आणि राजपत्र आपण प्रजासत्ताकात वापरतोच.

खरा प्रश्न वेगळा आहे: तुमच्या कथेत पृथ्वीवर नक्की काय आहे? इंग्रजीत एकाच शब्दात मिसळलेल्या दोन गोष्टी मराठीने आधीच वेगळ्या ठेवल्या आहेत, गादी आणि कारभार. १७४९मध्ये शाहू महाराज वारले, त्यानंतर गादी साताऱ्यास आणि कारभार पुण्यास अशी विभागणी पक्की झाली. पेशवाईची वस्त्रं मात्र पुढेही साताऱ्याहूनच यायची. ती आल्याशिवाय पुण्यातला सर्वाधिकारीसुद्धा रीतसर पेशवा होत नसे. आता वॉरहॅमर या खेळाच्या विश्वातला टेरा, म्हणजे तिथली पृथ्वी, पाहा: सम्राट दहा हजार वर्षं सुवर्णसिंहासनावर निश्चल, हुकूम त्याच्या नावाने, कारभार ‘हाय लॉर्ड्स’च्या हाती. तिथे गादी आणि कारभार एकाच ग्रहावर आहेत, पण एकाच हातात नाहीत. असल्या जागी नुसतं राजधानी लिहून भागत नाही, ‘साम्राज्याची गादी टेरावर आहे’ असं लिहिलं की निम्मं राजकारण वाचकाला आपोआप कळतं.

धूमकेतू: उलट टोकाला स्टार ट्रेक ही विज्ञानकथा मालिका. ग्रहसंघाची स्थापना २१६१ची, सॅन फ्रान्सिस्कोत. स्टारफ्लीटचं, म्हणजे संघाच्या अंतराळ आरमाराचं, मुख्यालयही तिथेच, आणि संघाच्या अध्यक्षांचं कार्यालय पॅरिसमध्ये. इथे एका शहराला राजधानी म्हणणं कठीण, पृथ्वीला म्हणणंच सोपं. खऱ्या जगातही असं आहेच: नेदरलंड्सची राजधानी ॲम्स्टरडॅम, सरकार हेगमध्ये, दक्षिण आफ्रिकेचा कारभार तर प्रिटोरिया, केप टाऊन आणि ब्लूमफाँटेन अशा तीन शहरांत वाटलेला. म्हणून पृथ्वी ‘राजधानी’, सॅन फ्रान्सिस्को ‘मुख्यालय’, अशी विभागणी ठेवावी. पृथ्वी कोणाच्याच वाट्याची नाही, थेट संघाच्या ताब्यात आहे असं दाखवायचं असेल तर ‘केंद्रशासित ग्रह’ म्हणा. चंदीगड डोळ्यांपुढे आणा: पंजाब आणि हरियाणा दोघांची राजधानी, स्वतः मात्र केंद्रशासित.

शब्द ठरवण्याआधी निरोपाचा वेग तपासा. पृथ्वी आणि मंगळ यांमध्ये संदेशाला एका बाजूने अंदाजे ३ ते २२ मिनिटं लागतात. थेट संभाषण संपलं, पण राज्य चालतं. सूर्य सोडला तर सर्वांत जवळचा तारा प्रॉक्सिमा ४.२४ प्रकाशवर्षांवर आहे. म्हणजे तिथे बंड झाल्याची बातमी सव्वाचार वर्षांनी येणार आणि हुकूम पोचायला आणखी सव्वाचार. प्रकाशापेक्षा वेगवान दळणवळण कथेत नसेल तर पृथ्वी तिथवर राज्य करत नाही, तिची फक्त गादी आहे. तिथल्या अधिकाऱ्याला ‘जिल्हाधिकारी’ म्हणू नका, ‘सुभेदार’ म्हणा. त्या शब्दात दूर बसून स्वतंत्र होण्याची शक्यता आधीच भरलेली आहे.

मोडीवाचक: याला आपल्याकडचा दाखला गोव्याचा. लिस्बनहून निघालेली गलबतं गोव्याला यायला साधारण सहा महिने लागत, म्हणून तिथे व्हाइसरॉय ठेवावा लागला आणि गोवा पूर्वेकडच्या सगळ्या पोर्तुगीज मुलखाची राजधानी झाला. पुढे तर १८०८ ते १८२१ पोर्तुगालचा दरबारच रिओ द जानेरोला होता. मायदेश लिस्बनकडे, राजधानी वसाहतीत! मूळग्रह आणि राजधानी हे दोन शब्द वेगळे ठेवायचे ते यासाठी.

वेलांटी: पटलं. आता विशेषण. ‘टेरन सरकार’, ‘टेरन सैन्य’ यांचं काय करू? पार्थिव?

काना-मात्रा: नको! संस्कृतात पार्थिव म्हणजे पृथ्वीचा, पण मराठी वर्तमानपत्रात पार्थिव म्हणजे मृतदेह. ‘पार्थिव सरकार’ वाचून लोक श्रद्धांजली वाहतील. (सुवर्णसिंहासनावरच्या सम्राटाला मात्र दोन्ही अर्थ लागू पडतात.) भौम त्याहून वाईट. भूमीचा तो भौम हे खरं, पण भौम हे मंगळाचंच नाव आहे, भौमवार म्हणजे मंगळवार. पृथ्वी आणि मंगळ यांच्या युद्धात ‘भौम आरमार’ लिहिलंत तर बाजूच उलटेल. भूदलही अडतं, कारण ते जमिनीवरचं सैन्य. विशेषणाचा हट्ट सोडून षष्ठी वापरा: पृथ्वीचं सरकार, पृथ्वीचं सैन्य. माणसांसाठी पृथ्वीवासी आहेच, किंवा बोलीत वाकडं बोलायचं असेल तर ‘पृथ्वीकर’. पुणेकर, नागपूरकर यांच्या चालीवर त्यात हवी ती खोच येते.

उकार: टेरा ठेवणार असाल तर सामान्यरूप पहिल्या पानावरच ठरवा. अमेरिकेत, आफ्रिकेत या चालीने ‘टेरेवर’ होतं. कॅनडात, युगांडात या चालीने ‘टेरावर’. नवीन परकी नावं हल्ली बदल न करता लिहितात, त्यामुळे टेरावर, टेराचा, टेराहून. ‘टेऱ्यावर’ कधीच नाही. आकड्यांशेजारी टेरा आला तर वाक्य फिरवा, नाहीतर टेराबाइट आठवतो. आणि ‘होली टेरा’चं ‘पवित्र टेरा’ फार कोरडं होतं. यात्रेकरूच्या तोंडी ‘टेराक्षेत्र’ घालून बघा.

वेलांटी: मग वाक्य असं ठेवते: ‘पृथ्वी हा मानवांचा मूळग्रह आणि साम्राज्याची राजधानी होती.’

उकार: ‘हा’ मूळग्रहाला चालतो, राजधानीला नाही, आणि क्रियापद भलत्याच बाजूला गेलं आहे. दोन तुकडे करा: ‘पृथ्वी हा मानवांचा मूळग्रह. साम्राज्याची राजधानीही तीच.’

मोडीवाचक: राजधानी की गादी?

वेलांटी: कर पृथ्वीवर जमा होतो, आरमार मंगळावरून सुटतं.

मोडीवाचक: मग गादी.