रंगकामाच्या माणसांचे हजेरीचे दर कसबाप्रमाणे कसे ठरवावेत? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

पुण्यात आमचा घरं रंगवून द्यायचा छोटा व्यवसाय आहे. वडिलांनी सुरू केला, गेल्या पाडव्यापासून मी पूर्णवेळ बघते. कामं मुख्यतः फ्लॅटच्या आतली, अधूनमधून एखादा बंगला. कायमची माणसं आठ, सीझनला बारापर्यंत जातात. दसरा-दिवाळीचे फोन सुरू व्हायच्या आत सगळ्यांचे दर नव्याने लावायचे आहेत. ज्यांनी माणसं सांभाळली आहेत किंवा स्वतः ब्रश धरला आहे, त्यांच्या सल्ल्याची गरज आहे.

आमच्याकडे पहिल्यापासून दोनच दर चालत आलेत. एका दिवसाच्या हजेरीचे हेल्परला ६५० रुपये, पेंटरला ९००. हेल्परचा पेंटर कधी होतो, तर "आता पेंटरचा दर द्या, नाहीतर दुसरीकडे जातो" असं तो म्हणेल तेव्हा. जो बोलतो त्याचा दर वाढतो. जो खाली मान घालून काम करतो तो वर्षानुवर्षं तिथेच राहतो. मला हे मनापासून खटकतं.

आता प्रत्यक्ष माणसं सांगते, म्हणजे अडचण कळेल.

सगळ्यात जुने मामा. लाकडाचं पॉलिश त्यांच्यासारखं कोणाला येत नाही. जुन्या भिंतीवर टचअप करायचं तर शेड अशी जुळवतात की जोड शोधूनही सापडत नाही. पण खांदा दुखतो, छताचं काम होत नाही, वेगही कमी झालाय. दर ९००.

बिहारकडचे दोन भाऊ. दोघेही पुट्टीला आणि रोलरला वाघ. पण थोरला दारं-खिडक्यांचं ऑइल पेंट सफाईने करतो आणि धाकट्याच्या हातून ओघळ येतात, मग दुसऱ्या दिवशी कोणीतरी घासत बसतं. दोघांनाही ९००.

लातूरकडचा एक पोरगा, हेल्पर म्हणून आला होता. आता पुट्टीचे दोन्ही हात (म्हणजे थर) नीट मारतो, प्रायमर मारतो. कटिंग, म्हणजे कडेची सरळ रेघ ब्रशने मारणं, अजून जमत नाही. दर ६५०.

आणि एक मावशी. प्लॅस्टिक अंथरून झाकाझाकी, खरवडणं, घासकाम, शेवटची साफसफाई. पुरुष हेल्पर करतो तेच सगळं, आणि त्याच्यापेक्षा जास्त नीट. त्यांना ५००, कारण "बायकांचा दर तेवढाच असतो". हा फरक मी या महिन्यापासून काढतेय. याबद्दल मत विचारत नाहीये, फक्त माहितीसाठी लिहिलं.

सरकारी दर काय सांगतात तेही पाहिलं. राज्याचा कामगार विभाग परिमंडळाप्रमाणे अकुशल, अर्धकुशल, कुशल असे दर देतो आणि जानेवारी-जुलैमध्ये विशेष भत्ता बदलतो. त्याच्या खाली जायचा प्रश्नच नाही. पण दोन पायऱ्यांमध्ये अंतर किती असावं, हे त्यावरून ठरवता येईना. उदाहरणार्थ केंद्राने १ ऑक्टोबर २०२४ पासून बांधकामासाठी लावलेले 'अ' वर्ग शहरांचे दर घ्या: अकुशल ७८३, अर्धकुशल ८६८, कुशल ९५४, अतिकुशल १०३५. हे दर केंद्राच्या अखत्यारीतल्या कामांना लागतात, आमच्यासारख्यांना नाहीत, पण पायऱ्या बघा. अकुशल ते कुशल फरक जेमतेम २२ टक्के. बाजारात हेल्पर आणि चांगला पेंटर यांच्यात याहून कितीतरी मोठा फरक पडतो. माझ्या मते तो पडायलाही हवा, कारण कटिंग हाताला बसायला वर्षं जातात.

मी केलेला आराखडा असा आहे.

हेल्पर ६५०: झाकाझाकी, खरवडणं, घासाई, माल चढवणं, रंग गाळून देणं. मधला ७७५: पुट्टी, प्रायमर, छताला आणि भिंतीला रोलर, पण कोणीतरी बघायला असताना. पेंटर ९५०: कटिंग, ऑइल पेंट, शेवटचा हात, आणि ओल कुठून येतेय, तडा वरवरचा आहे की खोल, हे रंग लावायच्या आधी सांगता येणं. थोडक्यात, एक खोली त्याच्या ताब्यात देऊन मी दिवसभर दुसरीकडे जाऊ शकते. कारागीर ११५०: पॉलिश, टेक्स्चर, शेड जुळवणं, मोजमाप घेणं, घरमालकाशी बोलणं.

किती वर्षं काम केलं याला मी यात स्थान दिलेलं नाही. माणूस कोणाच्या देखरेखीशिवाय काय पूर्ण करू शकतो, तेवढंच बघायचं. तपासायची रीतही सगळ्यांना माहीत असलेलीच. संध्याकाळी खोली अंधारी करून पेटता बल्ब भिंतीला चिकटून आडवा धरायचा. पुट्टीच्या लाटा, पुट्टी ओढायच्या पत्र्याचा राहिलेला ओरखडा, रोलरचा जोड, सगळं सावलीतून वर येतं. कटिंगसाठी छत आणि भिंत मिळते ती रेघ पाहायची, टेप न लावता मारलेली. ऑइल पेंटसाठी एक जाळीची खिडकी द्यायची. तपासताना बाकीची माणसंही तिथे हवीत, म्हणजे मी कोणाला झुकतं माप दिलं असं राहत नाही.

माझे प्रश्न:

धाकट्या भावाला आज ९०० मिळतात, पण या हिशोबाने तो मधल्या पायरीत येतो. त्याचा दर कापणं मला पटत नाही. न कापता बाकीच्यांना काय सांगायचं?

मामांना छत होत नाही. त्यांना सगळ्यात वरचा दर दिला तर पोरं कुरकुर करतील का?

आणि पायऱ्या चार बरोबर आहेत, की फार झाल्या?

प्रतिसाद १ (नाशिक, रंगकामाचे ठेकेदार)

ताई, चार पायऱ्या ठीक आहेत, याहून जास्त नकोत. धाकट्याचा दर अजिबात कापू नका. ९०० वर थांबवा आणि त्याच्यासमोर सांगा की खिडकी बिनओघळाची झाली की त्या शनिवारपासून ९५०. ओघळ बहुतेक वेळा दोनच कारणांनी येतात, ब्रश जास्त भरला जातो किंवा थिनर जास्त पडतो. थोरल्याला सांगा आठवडाभर एकाच खिडकीवर दोघं मिळून बसा. शिकवायला लागणारा वेळ थोरल्याच्या हजेरीत धरा, नाहीतर तो का शिकवेल?

मामांबाबत माझं मत वेगळं आहे. ११५० सरसकट देऊ नका. रोजचा दर पेंटरचा ठेवा आणि पॉलिशच्या दिवशी वर २५० भत्ता द्या. आमच्याकडे पॉलिश आणि बाहेरून झुल्यावरचं (दोरांना लटकवलेल्या फळीवरचं) काम, दोन्हीला वेगळा भत्ता आहे. त्या त्या दिवशी कोण काय करतंय ते सगळ्यांना दिसतं, म्हणून कुरकुर होत नाही.

फुटावर उक्तं, म्हणजे रोजच्या हजेरीऐवजी झालेल्या कामाच्या मापावर ठरवून पैसे, देण्याचा मोह होईल. भिंती मोजून मोकळं झालं की डोक्याला ताप नाही असं वाटतं. पण उक्त्यात पहिली मरते ती घासाई. घासायचा पेपर (सँडपेपर) मारायचा वेळ वाचवला की दिवस वाचतो, आणि ते दिसतं पुढच्या पावसाळ्यात, पापुद्रे सुटायला लागले की. बाहेरची मोठी सपाट भिंत उक्ती द्या, आतलं काम हजेरीवरच ठेवा.

प्रतिसाद २ (पिंपरी, स्वतः पेंटर)

ताई, तुम्ही विचारताय हेच चांगलं वाटलं. आमच्या बाजूने दोन गोष्टी लिहितो.

दर ९५० की १०००, याच्याइतकंच महिन्यात किती हजेऱ्या भरतात हे महत्त्वाचं आहे. ९५० ने २६ दिवस भरले तर २४,७०० होतात. पावसात १४ दिवस भरले तर १३,३००. खोलीभाडं आणि पोरांची फी दोन्ही महिन्यांत तेवढीच असते. त्यात माल आला नाही, घरमालकाने चावी दिली नाही, सुताराचं काम संपलं नाही, म्हणून आम्ही साइटवर येऊन परत गेलो तर बरेच जण तो खाडा धरतात. माणूस डबा घेऊन आला असेल तर निदान अर्धी हजेरी द्या. असा मालक असेल तर ५० रुपये जास्त देणाऱ्याकडे मी जाणार नाही.

दुसरी गोष्ट दिवाळीची. सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा ही एक हजेरी, आणि रात्री दहापर्यंत बसलं की 'दीड हजेरी' हा सगळीकडचा रिवाज. हिशोब करा. जेवणाचा तास सोडून दिवसाचे आठ तास, वरचे चार. जादा वेळेला दुप्पट धरलं तर ते चार तास म्हणजे आठ, म्हणजे दोन हजेऱ्या व्हायला हव्यात. धनत्रयोदशीच्या आधीच्या दहा-बारा दिवसांत एका माणसाचे किती पैसे यात जातात बघा.

तपासणी करा, पण कामाच्या वेळात आणि भरल्या हजेरीवर. नापास झाला तर काय चुकलं ते भिंतीवर बोट ठेवून दाखवा. मला पहिल्या बारा वर्षांत कोणी दाखवलं नव्हतं.

प्रतिसाद ३ (ठाणे, कामगारांच्या नोंदणीचं काम करते)

जादा वेळेला दुप्पट हा किमान वेतनाच्या नियमातलाच भाग आहे, वरच्या दादांनी बरोबर लिहिलंय. मावशींच्या बाबतीत तुमचा निर्णय कायद्यालाही धरून आहे. सारख्या कामाला सारखी मजुरी हे १९७६ च्या समान वेतन कायद्यापासून बंधनकारक आहे आणि २०१९ च्या वेतन संहितेतही आहे.

एक काम दराइतकंच महत्त्वाचं समजून करा. १८ ते ६० वयाच्या रंगकाम करणाऱ्या माणसाची राज्याच्या बांधकाम कामगार कल्याण मंडळात नोंदणी होऊ शकते. गेल्या बारा महिन्यांत ९० दिवस काम केल्याचं प्रमाणपत्र लागतं, आणि ठेकेदार म्हणून ते तुम्ही देऊ शकता. मुलांची शिष्यवृत्ती, आजारपणातली मदत अशा योजना त्यातून मिळतात. त्यासाठी हजेरीची वही रोजच्या रोज लिहा. दर, जादा तास, उचल आणि कापलेली उचल, सगळं एकाच पानावर, माणसाच्या सहीसह. वाद निम्मे तिथेच मिटतात.

आणि जुन्या घरात ऑइल पेंट खरवडताना मास्क द्या, पेपर पाण्याने मारा. घरगुती रंगातल्या शिशावर ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा २०१६ च्या नियमांनी आली. त्याआधीच्या खिडक्यांच्या थरात शिसं असू शकतं, आणि ती धूळ सगळ्यात जास्त मावशी आणि हेल्पर यांच्या नाकात जाते.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. नाशिकच्या दादांचा भत्त्याचा मार्ग अर्धा घेतेय. पॉलिशला भत्ता नको, मामांना ११५० च देणार आहे. पॉलिश नसलेल्या दिवशीही शेड तेच जुळवतात, पोरांना तेच शिकवतात, आणि घरमालक चिडला तर तेच समजावतात. तो दर त्या सगळ्याचा आहे. खांदा आमच्याच कामावर गेलाय, याचाही विचार मला करावासा वाटतो. झुल्यावरच्या कामाला मात्र वेगळा भत्ता सुरू करते. धाकट्याचं तुम्ही सांगितल्याप्रमाणेच.

दादा, परत पाठवल्या दिवसाची अर्धी हजेरी आणि रात्रीच्या चार तासांची पूर्ण हजेरी, दोन्ही लागू. पण मग दिवाळीत दहापर्यंत बसायची वेळच येऊ नये म्हणून मी कामंच कमी घेणार आहे.

खर्चाचा हिशोब केला तो इथे ठेवते, दुसऱ्या कोणाला उपयोग होईल. वर लिहिलेली पाच माणसं एका साइटवर धरली, तर रोजची वाढ अशी: मावशी १५०, पोरगा १२५, थोरला ५०, धाकटा ०, मामा २५०. एकूण ५७५. साडेसातशे फूट कार्पेटच्या फ्लॅटमध्ये भिंती आणि छत मिळून साधारण अडीच हजार फूट रंगकाम निघतं. पुट्टीसकट आठ दिवस धरले तर वाढ ४,६००, म्हणजे फुटामागे पावणेदोन रुपयांच्या थोडी वर. हे मी कोटेशनमध्ये मजुरीच्या ओळीत उघड लिहिणार आहे. जो गिऱ्हाईक यासाठी काम देणार नाही, त्याच्यासाठी मावशींना ५०० वर ठेवायची माझी तयारी नाही.

एक प्रश्न राहतोच, आणि तो मला सगळ्यात अवघड वाटतो. जून ते ऑगस्ट कायमच्या आठ जणांना महिन्याला निदान २० हजेऱ्यांची हमी द्यायची आहे. आतली कामं, फर्निचरचं पॉलिश, दुकानांची रात्रीची कामं असं मिळवून १५-१६ पर्यंत जाता येईल असं वाटतं. वरच्या चार-पाच दिवसांसाठी सीझनमध्ये दर फुटामागे थोडे पैसे बाजूला काढायचे, की माणसांशी बोलून दिवाळीच्या बोनसमधला काही भाग पावसाळ्याकडे वळवायचा? कोणी असं प्रत्यक्ष केलं असेल तर, किती माणसांवर केलं आणि टिकलं का, तेवढं नक्की लिहा.